रंगूचा मुराळी

जिंतूरच्या तहसील कचेरीतले अव्वल कारकून दत्तराव रोज सकाळी न्हाणीत उभे राहून खाकरत असत. खाकरत हा शब्द तसा अपुराच आहे. आधी ते तांब्याभर पाणी घेत, मान मागं टाकत, आणि मग बेंबीच्या देठापासून असा आवाज काढत की गल्लीतली कुत्री उठून जागा बदलत. शेजारचे व्यंकटराव त्यावर घड्याळ लावत. दत्तरावांचे वडील असेच खाकरत, आजोबाही असेच. आजोबांचं खाकरणं ऐकून निजामाच्या वेळचा एक तालुकदार घोड्यावरून खाली आला होता, असं घरात सांगत. तो उतरला होता की पडला होता, यावर मात्र घरात दोन मतं होती.

या आवाजाची कधीच सवय न झालेला जीव घरात एकच होता. तो म्हणजे रंगू. रंगू ही हरणी. मल्हारी नावाच्या ओळखीच्या मेंढपाळानं एका हिवाळ्यात तिला घोंगडीत गुंडाळून आणून दिलं होतं. आईला कुत्र्यांनी मारलेलं, आणि पाडस इतकं लहान की उभं राहताना चारही पाय चार दिशांना जायचे. दत्तरावांच्या बायकोनं, रुख्मिणीनं, कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून ते जगवलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांना मूलबाळ नव्हतं. तो विषय घरात कुणी काढत नसे, आणि रंगू आल्यावर काढायची गरजही उरली नाही.

रंगूला हाक मारावी लागत नसे. रुख्मिणी भाकरी थापायला बसली की त्या थापेच्या आवाजावर रंगू असेल तिथून पळत यायची आणि पहिल्या भाकरीचा पापुद्रा खाऊनच हलायची. दत्तराव खाकरले की ती असेल तिथून पळून जायची. एकदा बाजेवरून उडी मारताना तिनं वाळत घातलेल्या सांडग्यांचा चुरा केला आणि पडून कानाला खाच पाडून घेतली. एकदा तर ती सोवळ्याच्या धोतरासकट शेजारच्या अंगणात गेली. दत्तरावांना हे लागे. तिनं व्यंकटरावांच्या हातून पेंड खावी, त्यांच्या बायकोच्या, कस्तुराबाईंच्या मांडीवर मान टाकावी, आणि ज्याच्या नावाची पाटी दारावर आहे त्याला बघून भिंतीला चिकटावं, म्हणजे काय? तसं ते बोलून दाखवत नसत. "जनावर हाय, त्याला काय कळतंय," असंच म्हणत. पण दिवसातून बऱ्याच वेळा म्हणत.

"जरा हळू खाकरा की," रुख्मिणी सांगायची. "लेकरू बिचकायलंय."

दत्तराव म्हणत की वडिलोपार्जित गोष्ट आहे, ती हळू करता येत नाही.

मग एके दिवशी कचेरीत बोलणं निघालं की रानातलं जनावर घरात ठेवणं गुन्हा आहे आणि सरकारी नोकरानं ठेवलं तर नोकरीच जाते. बोलणाऱ्यानं दत्तरावांकडे बघितलं नाही. इतक्या कटाक्षानं बघितलं नाही की दत्तरावांना रात्रभर झोप आली नाही. कोळवाडीच्या माळावर जखमी आणि पोरक्या वन्यप्राण्यांसाठी शुश्रूषा केंद्र निघालं होतं. तिथं जनावरांवर उपचार करून, ती धडधाकट झाली की पुन्हा रानात सोडत. मल्हारीनंच रंगूला तिथं पोचवलं आणि रानात सापडली म्हणून सांगितलं. दत्तरावांचं नाव कुठंच आलं नाही. निघताना रुख्मिणीनं रंगूला कुंकू लावलं आणि खणानारळानं तिची ओटी भरली. खण रंगूनं जागेवरच खाल्ला, नारळ मल्हारी घेऊन गेला.

याला वर्ष होत आलं आणि शहाऐंशी सालचा श्रावण जवळ आला. पंचमी जवळ आली की सासरी असलेल्या लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. गल्लीत घरोघरचे मुराळी निघाले. कस्तुराबाईंच्या लेकी ट्रंका घेऊन आल्यासुद्धा, आणि शेजारून दिवसभर हसण्याचा आवाज येऊ लागला. एका दुपारी दत्तरावांच्या ताटात भात वाढता वाढता रुख्मिणी म्हणाली, "आपल्या रंगूला मुराळी कोण जायचं?"

दत्तराव हसले. मग ती हसत नाही हे बघून त्यांचं हसू मध्येच राहिलं.

"आणायचं म्हणत न्हाई मी. तेवढं कळतंय मला," ती म्हणाली. "सुखात हाय का न्हाई, एवढं बघून यायचं. माझी थाप ऐकली तर येईल की वो ती. वळखील."

दत्तरावांनी घास ताटात ठेवला. या बाईला आजवर कधी कुणाकडे मुराळी पाठवायला मिळालेला नाही, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं, आणि फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "बघतो." अव्वल कारकुनाच्या बघतोला कोणी फारसं मनावर घेत नाही, पण यावेळी त्यांनी खरोखर बघितलं.

केंद्र बघायला परवानगी लागे आणि ती देणारी कचेरी वेगळ्या गावी होती. तिथं त्यांना आधी साहेब दौऱ्यावर आहेत असं सांगण्यात आलं, मग उद्या या, आणि मग उद्या कशाला आलात, साहेब आज होते. ही वाक्यं दत्तराव स्वतः रोज वापरत. समोरून ऐकायला ती इतकी कडू लागतात याची त्यांना कल्पना नव्हती. शेवटी कळलं की एकट्यादुकट्याला परवानगी नाहीच. मागं कुणीतरी लांडग्याला विडी पाजायला गेलं होतं. आता फक्त अभ्यास मंडळांना सोडतात. दत्तराव एसटीनं परत आले आणि त्यांनी मंडळ काढलं.

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा मिटलेला नव्हता, आणि चार माणसं नाव ठेवायला बसली की आवाज चढत. म्हणून दत्तरावांनी कुणाला न विचारता निसर्ग अभ्यास मंडळ असं नाव लिहून टाकलं. अध्यक्ष व्यंकटराव झाले. त्यांना निसर्गातलं कपाशी सोडून काही माहीत नव्हतं, पण जीप त्यांची होती. शिवाय ते अध्यक्ष दिसत. मोठी मिशी, मोठं पोट, आणि हातात सदैव तंबाखू. डाव्या तळव्यावर तंबाखू मळायची, उजव्या हातानं थाप मारून चुना उडवायचा, आणि मग पुढचं बोलायचं, ही त्यांची रीत. थाप ऐकू आली नाही तर व्यंकटरावांचं वाक्य संपलं की अजून चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळत नसे.

मंडळाची पहिली आणि शेवटची बैठक ओसरीवर झाली. त्यात निसर्गाचा विषय निघाला नाही. कस्तुराबाईंनी बजावलं की लेकीकडे मोकळ्या हातानं जाऊ नये. शिदोरी न्यावी आणि ती परत आणू नये. शिवाय बापानं लेकीच्या घरी पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नसतो, हे दत्तरावांनी विसरू नये. दत्तरावांनी विचारलं की ही रीत हरणीच्या बापालाही लागू आहे का. त्यावर दोघी बायकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की प्रश्न त्यांनी परत घेतला. मग रुख्मिणीनं शेवटची अट घातली. तिथं जाऊन खाकरायचं नाही. थोडंसुद्धा नाही. एवढ्या लांबून लेकीला भेटायला जायचं आणि ती बापाच्या घशाला भिऊन पळाली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दत्तरावांना देवासमोर शपथ घ्यावी लागली. स्वतःच्या घशावर स्वतःच्याच घरात बंदी यावी, हे त्यांच्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं.

पंचमीच्या आठवडाभर आधी जीप निघाली. पुढं व्यंकटराव आणि कस्तुराबाई, मागं दत्तराव आणि मांडीवर शिदोरी घेतलेली रुख्मिणी. शिदोरीत तिळाच्या भाकरी होत्या. व्यंकटराव एका हातानं जीप हाकत आणि दुसऱ्या हातानं तंबाखूची व्यवस्था बघत. उडवलेला चुना आणि तंबाखूची भुकटी वाऱ्यानं सरळ मागं, दत्तरावांच्या तोंडावर येई. चारठाण्याच्या फाट्यापासून त्यांच्या घशाशी खाज सुटली. ते आवंढा गिळत राहिले. रुख्मिणी त्यांच्या गळ्याकडे बघत बसली होती. पोलीस ज्या नजरेनं पाकीटमाराकडे बघतात तीच नजर.

डांबरी सोडल्यावर काळी माती लागली. आदल्या दिवशी पाऊस झालेला. व्यंकटराव म्हणाले, ही आपली माती आहे, आपल्याला दगा देणार नाही. तसं म्हणून त्यांनी थाप मारली आणि जीप चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतली. दत्तरावांनी ढकललं. चाक जागच्या जागी फिरलं आणि त्यांच्या नव्या पांढऱ्या सदऱ्याचा रंग कपाशीच्या रानासारखा झाला. एका शेतकऱ्यानं बैलजोडी लावून जीप काढून दिली आणि कुठं निघालात म्हणून विचारलं. निसर्गाचा अभ्यास करायला, असं दत्तरावांनी सांगितल्यावर तो त्यांना खालून वर बघत म्हणाला की मग झालाच की.

केंद्र म्हणजे माळावर तारेचं लांबलचक कुंपण, पत्र्याची एक खोली, काही पिंजरे आणि एक कडुलिंब. तिथले रेंजर माणिकराव. तरणा, सडपातळ, खाकी कपडे कडक इस्त्रीचे. मंडळ येणार म्हणून त्यांनी सतरंजी टाकली होती. चिखलानं माखलेले दत्तराव बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी स्वतः माठातून तांब्या भरून पुढं केला. म्हणाले, "घ्या, आधी पाणी घ्या."

दत्तरावांचा घसा वाळून कोळ झाला होता. तांब्याला बाहेरून पाणी सुटलेलं दिसत होतं. त्यांनी रुख्मिणीकडे बघितलं. रुख्मिणीनं डोळे मोठे केले.

"नको. चालायचं न्हाई," दत्तराव म्हणाले.

माणिकरावांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तांब्या हळूच खाली ठेवला आणि चेहरा बंद करून घेतला. त्या क्षणी दत्तरावांना कळलं की आपण काय करून बसलो. त्या वर्षांत कोण कुणाच्या हातचं पाणी नाकारतो हे लोक बघत आणि लक्षात ठेवत, आणि त्यासाठी कारणही तसंच होतं. तसं नाही हो, असं दत्तरावांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण कसं सांगणार? तुमच्या कुंपणात आमची लेक आहे, असं म्हटलं तर मंडळ खोटं, परवानगी खोटी, आणि घरात हरीण ठेवणारा सरकारी नोकर समोर उभा. त्यांना स्वतःची लाज वाटली.

पुढचं सगळं माणिकरावांनी कोरड्या आवाजात दाखवलं. शेपटीला पट्टी बांधलेली घोरपड, तारेच्या धक्क्यानं हात गेलेलं वानर, दिवसा गाढ झोपलेलं घुबड. अध्यक्षांना काही विचारायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. व्यंकटरावांनी घुबडाकडे बघून, याचं पीकपाणी कसं आहे, असं काहीसं विचारलं. माणिकरावांनी उत्तर न देता सगळ्यांना बांबूच्या तट्ट्यामागं नेलं. तट्ट्याच्या पलीकडे कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे गवत. गवतात लांबवर एक काळवीट आणि चारसहा हरण्या चरत होत्या. एका हरणीच्या कानाला खाच होती. सांडग्यांच्या बाजेवरून पडली तेव्हाची.

रुख्मिणीनं तट्ट्याच्या फटीला डोळा लावला. "भरलीये अंगानं," ती पुटपुटली.

"हा कळप उद्या सकाळी मोकळ्या माळावर सोडायचा आहे," माणिकराव हलक्या आवाजात सांगू लागले. "बाकीच्यांचं काही नाही. अडचण त्या खाचेच्या कानाच्या हरणीची आहे. कुणीतरी घरात वाढवलीय तिला. आली तेव्हा माणूस दिसला की भाकरी मागायला यायची. कोण गाढव होतं कुणास ठाऊक."

गाढव त्यांच्या शेजारीच उभं होतं.

"असं जनावर रानात सोडलं तर पहिल्या बंदूकवाल्याजवळ आपल्या पायानं चालत जातं," माणिकराव म्हणाले. "म्हणून आज शेवटची परीक्षा. तुम्ही परके लोक आलात हे बरंच झालं. ती तुमच्यापासून लांब राहिली तर उद्या सुटली. कुंपणाला येऊन नाक लावलं तर मला यादीतून तिचं नाव काढावं लागेल. मग शहरातल्या प्राणिसंग्रहालयात, जन्मभर पिंजऱ्यात. कुणी हलू नका. आवाज करू नका."

मंडळाचे चारही सभासद एकमेकांकडे बघू लागले. ज्या एका गोष्टीसाठी रुख्मिणी चिखलातून इथवर आली होती, तीच घडली तर लेक जन्माची पिंजऱ्यात जाणार होती. दत्तराव म्हणाले की मंडळाला उशीर होतोय, निघावं. माणिकराव म्हणाले की आता हललात तर तिचं लक्ष जाईल, उभे राहा.

आता जिंतूरची चार माणसं एका जागी आणि गप्प, ही गोष्टच निसर्गाच्या विरुद्ध आहे. कस्तुराबाईंनी पदर तोंडात धरला. रुख्मिणीनं शिदोरी पोटाशी घेऊन त्यावर दोन्ही हात दाबले, वास जाऊ नये म्हणून. दत्तरावांच्या घशात चारठाण्यापासूनची सगळी तंबाखू जागी झाली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. खाकरलो तर शपथ मोडते, आवाज झाला तर परीक्षा बिघडते, आणि दोन्हींच्या मध्ये आपला एवढासा घसा. देवा, एवढा वेळ निभावून ने, असं ते मनात म्हणत होते. रंगू चरत होती. एकदा तिनं मान वर केली, तट्ट्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. माणिकरावांनी समाधानानं मान हलवली.

काळजी लागली की व्यंकटरावांचे हात आपोआप चालत. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. डाव्या तळव्यावर अंगठा फिरत होता, फिरत होता, आणि मग उजवा हात वर गेला. दत्तरावांनी तो वर जाताना बघितला. धरायला हात पुढं केला, पण उशीर झाला होता.

थप. थप थप.

गवतात रंगूची मान ताडकन वर झाली. कान पुढं आले. हीच ती थाप होती. पहिल्या भाकरीची, चुलीजवळची, घरची. रंगूनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग ती सरळ तट्ट्याच्या दिशेनं निघाली, आधी चालत आणि मग दुडक्या चालीनं. व्यंकटराव तळव्यावरची तंबाखू घेऊन पुतळ्यासारखे उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ती तोंडात टाकायचं सुचत नव्हतं.

"चुकलं," माणिकराव पुटपुटले. "येतेय."

रुख्मिणीनं डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठ तिनं घट्ट आवळले होते. रंगू जवळ आली. तिच्या नाकपुड्या हलताना दिसू लागल्या. आणि मग तट्ट्याच्या फटीतून तिची नजर नेमकी दत्तरावांवर पडली. ती बिचकली नाही. उलट तिनं मान थोडी वाकडी केली, कस्तुराबाईंच्या मांडीवर टाकण्यापूर्वी करायची तशी, आणि त्यांच्याकडेच येऊ लागली. ज्या माणसाला बघून ती सगळा जन्म भिंतीला चिकटली होती, त्याच्याकडे. दत्तरावांचं काळीज भरून आलं. आपण हिला आवडतो, हे त्यांना तिथं, चिखलाच्या सदऱ्यात, पहिल्यांदाच कळलं. अजून चार पावलं आली असती तर फटीतून हात घालून त्यांनी तिच्या कपाळाला लावला असता. त्यांना तो लावायचा होता. फार लावायचा होता.

त्यांनी मान मागं टाकली आणि खाकरले.

आज दिवसभर जे कोंडून ठेवलं होतं, ते सगळं एकदम बाहेर आलं. वडिलांचं आणि आजोबांचंही त्यात असावं. वानर पिंजऱ्याच्या छताला जाऊन लटकलं. घुबडानं दिवसाढवळ्या डोळे उघडले. कस्तुराबाई मटकन खाली बसल्या. आणि रंगू जागच्या जागी हवेत उडाली, वळली, आणि अशी सुटली की पाय जमिनीला लागताना दिसेनात. तिच्या मागं सगळा कळप सुटला. काळवीट उड्या मारत पुढं, रंगू त्याच्या बरोबरीनं, आणि बघता बघता सगळी उंचवट्यापलीकडे गेली. गवत हलायचं थांबलं तरी दत्तराव तिकडेच बघत होते.

माणिकराव दत्तरावांकडे वळले. "हे काय होतं?"

"घसा," दत्तराव म्हणाले.

माणिकरावांनी त्यांना निरखून बघितलं. मग ते म्हणाले, "माणसाला एवढी भ्यालेली हरणी मी नोकरीत बघितली नाही. उद्या सोडतो." आणि थोडं थांबून, "तुम्ही मात्र डॉक्टरला दाखवा. पाणी दिलं असतं, पण आमचं तुम्हाला चालत नाही."

दत्तरावांनी मान खाली घातली. रुख्मिणी पुढं आली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि सरळ माणिकरावांच्या समोर उभी राहिली.

"साहेब, पाण्याचं मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "लेकीच्या घरी बाप पाणी पीत न्हाई. आमच्यात तशी रीत हाय."

माणिकरावांनी तिच्याकडे बघितलं, मग दत्तरावांकडे, मग तिनं पोटाशी धरलेल्या फडक्यातल्या भाकरींकडे. लांब उंचवट्याकडेही एकदा बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं बंद झालेलं सगळं हळूहळू उघडलं. रुख्मिणीनं सतरंजीजवळचा तोच तांब्या उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"प्या आता," ती म्हणाली. "उद्यापासनं हे काय तिचं घर न्हाई."

दत्तरावांनी तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली केला नाही. शिदोरी परत न्यायची नव्हती, म्हणून रुख्मिणीनं ती माणिकरावांना दिली. माणिकराव लिंबाखाली बसून भाकरी मोडून खाऊ लागले. अर्धी झाल्यावर ते म्हणाले की ते मघाचं गाढव म्हणालो, ते मागं घेतो. अशी भाकरी असल्यावर कुणीही मागं लागेल. दत्तराव म्हणाले, असू द्या. माणिकरावांनी हेही सांगितलं की सोडलेला कळप सकाळच्या वेळी कोळवाडीच्या रस्त्याकडे चरायला येतो, एसटीच्या डाव्या खिडकीतून लांबून दिसतो. ते त्यांनी कुणाकडे न बघता, भाकरीला सांगितल्यासारखं सांगितलं.

परतीच्या वाटेवर जीप रुतली नाही. व्यंकटरावांनी घर येईपर्यंत तंबाखू मळली नाही. रुख्मिणी बाहेर बघत बसली होती. दत्तरावांना वाटत होतं की ही रागावलीय. देवासमोरची शपथ मोडली, आणि तीही लेक अंगाशी आलेली असताना. घरी आल्यावरही ती नुसतं जेवा म्हणाली. दत्तरावांनी मनाशी ठरवलं की आता पुरे. आयुष्यात पुन्हा खाकरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडलं. रुख्मिणी चुलीपुढं बसली आणि भाकरी थापू लागली. दत्तराव तांब्या घेऊन न्हाणीत गेले. त्यांनी घोट घेतला, गुपचूप चूळ भरली आणि तोंड पुसलं. चुलीपुढची थाप थांबली.

"का वो? घसा बसला का?" आतून रुख्मिणीनं विचारलं.

"न्हाई. म्हटलं, नको."

कोळवाडीच्या माळावर यावेळी कुंपणाचं फाटक उघडत असणार, हे दोघांच्याही मनात होतं.

"खाकरा की," रुख्मिणी म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "जोरात खाकरा. मी थापायलेय हितं, आन् ती परत फिरायची येडी. लांब जाऊ द्या तिला."

दत्तरावांनी तांब्या पुन्हा भरला आणि मान मागं टाकली. गल्लीतली कुत्री उठून दुसरीकडे जाऊन झोपली, आणि पलीकडच्या अंगणात व्यंकटरावांनी घड्याळ लावलं.